धर्म बदलला म्हणून लग्न मोडत नाही

परवा चिंचवड स्टेशनजवळ चहा घेताना एका ओळखीच्या कामगाराने विचारलं, "साहेब, नवऱ्याने धर्म बदलला की लग्न आपोआप संपतं ना?" मी तोंड उघडायच्या आत बाजूचे दोघं म्हणाले, "संपतंच की!" त्याचा चेहरा पडला. प्रश्न त्याच्या बहिणीचा होता.

संपत नाही. आणि हे आजचं नाही. १८८० साली मुंबई हायकोर्टापुढे एक प्रकरण आलं. विवाहित हिंदू बाईने मुसलमान होऊन दुसरं लग्न केलं होतं. कोर्टाने सांगितलं, धर्म बदलल्याने पहिलं लग्न तुटत नाही, म्हणून दुसरं लग्न हा गुन्हा.

मग तोडायचं कुणी? खरा इतिहास इथे आहे.

इंग्रजांनी १८६६ मध्ये कायदा केला. ख्रिस्ती झालेल्या माणसाला जोडीदाराने धर्मांतरामुळे सलग सहा महिने टाकलं, तर त्याला कोर्टात जाता येई आणि शेवटी लग्न मोडून घेता येई. म्हणजे दार उघडं होतं ते धर्म सोडून गेलेल्यासाठी. मागे राहिलेल्याला या कायद्यात तो हक्क नव्हता.

रेव्हरंड ना. वा. टिळक आठवा. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन नातलगांकडे राहिल्या. कायद्याचा रस्ता टिळकांना मोकळा होता, पण त्यांनी तो धरला नाही. काही वर्षांनी लक्ष्मीबाई आधी नवऱ्याकडे परतल्या आणि १९०० मध्ये स्वतःही ख्रिस्ती झाल्या. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना ती वर्षं माहीत आहेत. संसार टिकला तो दोघांच्या स्वभावामुळे. कायद्याच्या हिशेबाने बाईच्या हातात काहीच नव्हतं.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने हे उलटं केलं. कलम १३ प्रमाणे जोडीदाराने हिंदू धर्म सोडला, तर मागे राहिलेल्याला घटस्फोट मागता येतो. धर्म बदलणाऱ्याला आपलंच धर्मांतर कारण म्हणून पुढे करता येत नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. या कायद्याच्या व्याख्येत बौद्ध, जैन, शीखही येतात. त्यामुळे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर ज्यांनी दीक्षा घेतली, त्यांच्या लग्नांना या कलमाचा धक्का लागला नाही. हे कलम लागतं ते ख्रिस्ती, मुसलमान अशा व्याख्येबाहेरच्या धर्मांत गेल्यावर.

पळवाट शोधणारे होतेच. पहिली बायको असताना मुसलमान व्हायचं आणि दुसरं लग्न लावायचं. १० मे १९९५ ला सरला मुद्गल खटल्यात सुप्रीम कोर्टाने ती वाट बंद केली. असं दुसरं लग्न रद्दबातल आणि वर शिक्षेस पात्र.

त्या भावाला मी एवढंच सांगितलं. तुझ्या बहिणीचं लग्न आजही कायम आहे. मोडायचं की नाही, हे तिने ठरवायचं. वेगळं राहून पोटगी मागायचा हक्क तिला १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्याने दिलाय. फक्त कुणाच्या सांगण्यावरून कोऱ्या कागदावर सही करू नकोस म्हणावं, आधी वकील गाठा.

चहा गार झाला होता. त्याने तिथूनच बहिणीला फोन लावला.