'घाणेरडं' आणि 'अश्लील'

रिठदसारख्या गावात पोरगं वावगं बोललं, की आई म्हणते, 'घाणेरडं बोलू नकोस.' नाकाला नकोशी घाण मनालाही लागते, ही समज जुनी आहे. इंग्रजीतल्या 'डर्टी'चंही तेच. पण घरातल्या शब्दानं फार तर कान पिळला जातो, कायद्यातल्या शब्दानं माणूस आरोपी होतो.

१८६० च्या दंड संहितेत 'ऑब्सीन' हा शब्द आला. आपण त्याला 'अश्लील' म्हणतो. मूळ कलमात त्याची व्याख्याच नव्हती. मन बिघडवील ते अश्लील, ही १८६८ ची विलायती कसोटी आपल्या न्यायालयांनी उचलली. तिचा फटका संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्वे यांना बसला. 'समाजस्वास्थ्य' मासिकावरच्या १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी दंड झालाच. चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' या १९६२ च्या कथेला उच्च न्यायालयानं अश्लील ठरवलं. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते दोषमुक्त केले.

ती विलायती कसोटी २०१४ मध्ये सुटली. शब्द मात्र २०२४ पासूनच्या न्याय संहितेतही आहे. म्हणून किळस कुणाची, हे विचारायला हवं.