कराची–मुंबई : सव्वासात तास

माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर उभे राहिले की खाली गोदी दिसते. लहानपणी आजी मला तेथे नेई आणि गोदीकडे पाठ करून, वायव्येकडे हात दाखवून म्हणे, "त्या अंगाला माझं माहेर." तिचे माहेर कराचीचे, वडील तेथे शाळामास्तर. कराचीत मराठी माणूस तेव्हा परका नव्हता. सिंध 1 एप्रिल 1936 पर्यंत मुंबई इलाख्यातच मोडत असे, आणि तेथल्या जुन्या सरकारी शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणतज्ज्ञाचे नाव आहे. आजी लग्न होऊन माझगावात आली ती आगबोटीने, दोन रात्री समुद्रावर काढून.

मग 15 ऑक्टोबर 1932 उजाडला. सकाळी साडेसहाच्या सुमारास जे. आर. डी. टाटांनी कराचीच्या ड्रिग रोड तळावरून ‘पस मॉथ’ हे एका इंजिनाचे इवलेसे विमान उडवले. सोबतीला माणूस नव्हता, रेडिओ नव्हता. होते ते सुमारे 25 किलो टपाल. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी दोनच्या आत विमान जुहूस उतरले. सरळ रेषेत हे अंतर सुमारे 875 किलोमीटर. अहमदाबादेवरून 1,030 च्या घरात. वाटेतला थांबा धरून सव्वासात तास! पावसाळ्यात जुहूच्या चिखलात उतरणे अशक्य, म्हणून त्या दिवसांत विमाने पुण्यास जात. पण एरवी दोन रात्रींची वाट एका सकाळीत बसू लागली.

पुढल्याच वर्षी, हिवाळ्यात, वडील अत्यवस्थ असल्याचे पत्र आजीला विमानाच्या टपालाने मिळाले. ती मिळेल त्या आगबोटीने निघाली. एक दिवस आणि एक रात्र ती त्यांच्या उशाशी होती. "पत्र बोटीनं आलं असतं, तर मी नुसती राख पाहिली असती," असे ती म्हणे. विमानात ती आयुष्यात कधी बसली नाही. पण विमानाचे उपकार तिने मानले ते या एका रात्रीसाठी.

1947 साली माहेर परदेशात गेले. विमाने मात्र वेगवान होत राहिली. आताच्या जेट विमानाला हे अंतर तोडण्यास दीड तास पुरे. 1982 साली, पहिल्या उड्डाणास पन्नास वर्षे झाली तेव्हा, 78 वर्षांच्या जे. आर. डीं.नी कराचीहून मुंबईस पुन्हा छोटे विमान आणले. पुढे 2025 च्या एप्रिलमध्ये दोन्ही देशांनी परस्परांच्या विमानांना आपापले आकाश बंद केले. दुबईवरून वळसा घ्यावा, तर तो 3,000 किलोमीटरांहून अधिक भरतो.

शाळेत आम्हांला शिकवले होते की अंतराला वेगाने भागले म्हणजे वेळ निघतो. आजीच्या माहेराचा हिशेब तसा सुटत नाही. टेकडीवर गेलो की माझा हात मात्र अजून वायव्येकडेच जातो.