क्रियापदरूपे, मराठी : अवयवविभाजन व उच्चार

मराठी क्रियापदात लिहिलेली अक्षरे आणि उच्चारातील अवयव (एका स्वराभोवतीचा ध्वनिगट) यांची संख्या पुष्कळदा जुळत नाही. ‘करतो’ हे लेखनात तीन अक्षरांचे, बोलण्यात मात्र दोन अवयवांचे रूप आहे : कर्-तो. हा फरक लिपीत दिसत नाही.

नियम : शब्दान्तीचा ‘अ’ सहसा उच्चारला जात नाही. शब्दाच्या मध्ये, अलीकडे स्वर व एक व्यंजन आणि पलीकडे एक व्यंजन व स्वर असल्यास ‘अ’ गळतो. गळती शेवटाकडून मोजावी लागते, म्हणून प्रत्यय बदलला की धातूची फोडही बदलते : क-रत् (करत), कर्-तात् (करतात), कर्-णार् (करणार), क-रून् (करून), स-मज्-तो (समजतो), पण सम्-जाव्-तो (समजावतो). धातू तकारान्त असेल, तर द्वित्त ऐकू येते : ओत्-तो (ओततो).

‘केलं’, ‘सांगितलं’ यांतला अन्त्य ‘अ’ गळत नाही, उलट लांबतो. त्यावरचा अनुस्वार आज बहुधा नासिक्य उच्चार दाखवत नाही. स्वर टिकल्याची ती खूण आहे.

प्रादेशिक रूपे : परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यातील पूर्णाकाठच्या येलदरी परिसरासह, चालू क्रियेसाठी मराठवाडी रूपे ऐकू येतात : ‘मी करायलो’, ‘काय करायलास?’, ‘पाणी सोडायलेत’. प्रमाण बोलीतील ‘करतोय’ची फोड कर्-तोय्, तर ‘करायलो’ची क-राय्-लो होते. इथे ‘र’ला ‘आ’ जोडलेला असल्याने तो टिकतो आणि गळती ‘य’वर सरकते.

पद्य : मोठ्या अभंगाच्या चरणांत 6, 6, 6, 4 अशी अक्षरे असतात आणि बोलण्यात गळणारा ‘अ’ही मोजला जातो. परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग गाताना तो स्वर ऐकू येतो. ‘करितो’, ‘बोलिला’ या जुन्या रूपांतला ‘इ’ आजच्या ‘करतो’, ‘बोलला’मध्ये उरलेला नाही.

तुलना : फ्रेंचमधील अनुच्चारित ‘ए’ याच जातीचा. ‘बोलणे’ या अर्थाच्या क्रियापदाची वर्तमानकाळी प्रथमपुरुषी एकवचनी व तृतीयपुरुषी अनेकवचनी रूपे वेगळी लिहितात, पण दोन्हींचा उच्चार ‘पार्ल’ असा एकच. ‘हाक मारणे’चे एकवचन ‘आपेल’, पण ‘आम्ही’साठी ‘आप्लों’ : प्रत्ययाला स्वर आला की धातूतला स्वर गळतो. अभिजात फ्रेंच पद्यातही व्यंजनापूर्वीचा असा ‘ए’ अवयवगणनेत धरतात.

अभ्यास : मो. के. दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (1911) रूपविचारासाठी आधारभूत आहे. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील ग्रंथ 1920 मध्ये प्रसिद्ध झाला, वा. गो. परांजपे यांनी त्याचा मराठी अनुवाद केला. पॅरिसमध्ये शिकलेले ना. गो. कालेलकर यांचे ‘ध्वनिविचार’ (1955) हे मराठीतून ध्वनिशास्त्राची ओळख करून देणारे महत्त्वाचे पुस्तक होय.