जागतिक मूल्यसाखळी आणि उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर पट्टा

एखाद्या वस्तूचे आरेखन एका देशात, कच्चा माल दुसऱ्या, मधली प्रक्रिया तिसऱ्या आणि विक्री चौथ्या देशात अशी कामांची वाटणी होते आणि प्रत्येक टप्प्यावर वस्तूच्या मोलात भर पडत जाते, तेव्हा त्या साऱ्या टप्प्यांना मिळून जागतिक मूल्यसाखळी म्हणतात. समाजशास्त्रज्ञ गॅरी गेरेफी यांनी १९९४ मध्ये अशा साखळ्यांचे दोन प्रकार मांडले. मोटारीसारख्या उद्योगांत उत्पादक कंपनी साखळी चालवते. कपडे-पादत्राणे यांत मात्र स्वतःचा एकही कारखाना नसलेला मोठा खरेदीदार सगळ्यांना नियम घालून देतो. जागतिक बँकेच्या २०२० च्या जागतिक विकास अहवालाप्रमाणे जगाच्या व्यापारापैकी जवळजवळ निम्मा व्यापार या साखळ्यांतून होतो आणि २००८ च्या वित्तीय संकटानंतर त्यांची वाढ मंदावली आहे. संकट ओसरल्यावर स्थानिक उद्योगांना साखळीत नेण्यासाठी सरकारे साधारणतः तीन गोष्टी करतात: कर्ज सोपे करतात, निर्यातीला सवलत देतात आणि खरेदीदारांचे मेळावे भरवतात. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या एकमेकांना लागून असलेल्या शहरांचा अनुभव पाहिला, तर या तिन्हींच्या आधी चौथी गोष्ट लागते असे दिसते. आपला माल कशापासून बनला, कसा बनला आणि तो बनवताना कोणते पाणी बाहेर सोडले, हे लहान कारखान्याला परक्या खरेदीदारापुढे सिद्ध करता आले पाहिजे. एकट्या गाळेवाल्याला ही सिद्धता परवडत नाही. ती सामायिक सोय म्हणूनच उभी राहू शकते.

या पट्ट्याचा बाहेरच्या जगाशी संबंध नवा नाही. स्वीडिश मॅच कंपनीने स्थापलेल्या विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना अंबरनाथला स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी सुरू झाला. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी कंपनीने तिथेच गंधकाम्ल आणि खते बनवली. फाळणी ही या भागावर कोसळलेली मोठी आर्थिक आपत्तीही होती. कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासित आले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले आणि राहत्या बराकींतच कापड, मिठाई, फर्निचर, प्लॅस्टिकचे उद्योग उभे राहिले. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, ही कथा महाराष्ट्रभर हसत सांगितली जाते. तिच्यातले आर्थिक दुःख फारसे कुणी पाहत नाही: माल बनवण्याचे कौशल्य इथे होते, पण त्यावर स्वतःचे नाव घालून किंमत मिळवण्याची सोय नव्हती. पुढे १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्याच्या वसाहती अंबरनाथ आणि बदलापूरला आल्या आणि बारवी धरणाचे पाणी कारखान्यांना मिळू लागले. एका कारखानदाराला धरण बांधता येत नाही, ही गोष्ट त्या पिढीच्या धोरणकर्त्यांना स्वच्छ दिसत होती. जमीन, रस्ता, वीज, पाणी या सामायिक सोयींवर रसायन, औषध आणि इंजिनिअरिंगचे कारखाने वाढले. आजच्या साखळीत शिरायला पाण्याइतकीच निकड पुराव्याची आहे. महामंडळाने धरणाला दिले तितके महत्त्व प्रयोगशाळेला मात्र कधी मिळाले नाही.

रसायन उद्योगाच्या बाबतीत २००८ साल विशेष बोलके आहे. युरोपीय संघाचा ‘रीच’ कायदा १ जून २००७ रोजी लागू झाला. वर्षाला एक टन किंवा त्याहून जास्त प्रमाणात युरोपात जाणाऱ्या प्रत्येक रसायनाची नोंदणी त्याने सक्तीची केली. त्यासाठीची पूर्वनोंदणी १ जून ते १ डिसेंबर २००८ या सहा महिन्यांतच करायची होती, आणि याच सहा महिन्यांत, १५ सप्टेंबरला, अमेरिकेची लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक कोसळली. पुढच्या वर्षी जगाचा वस्तुव्यापार आकारमानाने सुमारे १२ टक्क्यांनी घटला. म्हणजे ऑर्डरी आटत असतानाच बाजाराच्या दारावरचे कुलूप बदलले जात होते. पूर्वनोंदणीला युरोपीय यंत्रणेचे शुल्क नव्हते, पण युरोपाबाहेरच्या उत्पादकाला स्वतः नोंद करता येत नव्हती. तिथे कायदेशीर प्रतिनिधी नेमावा लागे किंवा आयातदाराच्या नोंदीवर विसंबावे लागे. ज्याने प्रतिनिधी नेमला त्याच्या मालाला टनांच्या प्रमाणानुसार २०१० ते ३१ मे २०१८ पर्यंत मुदत मिळाली आणि खरेदीदार बदलण्याचे स्वातंत्र्यही त्याच्याच हाती राहिले. आयातदाराच्या नोंदीवर विसंबलेला कारखाना त्या आयातदाराशी बांधला गेला. शेवटची मुदत वर्षाला १ ते १०० टनांच्या मालासाठी होती, म्हणजे नेमकी इंटरमिजिएट (मधल्या टप्प्याची रसायने) बनवणाऱ्या लहान कारखान्यांसाठी. विषारीपणाच्या चाचण्यांचा खर्च मात्र टनांच्या प्रमाणात तितका उतरत नाही. एकाच रसायनाच्या नोंदणीदारांनी चाचण्यांची माहिती वाटून घ्यावी, अशी तरतूद कायद्यातच होती. तिचा फायदा घ्यायला संघटितपणा, इंग्रजी कागदपत्रांची सवय आणि आधी भरायचे पैसे लागत. संकटाच्या वर्षी दिलेली मदत व्याजाच्या दरात मोजली गेली, तर अशी दारे कधी उघडली आणि कधी बंद झाली हे कुणाच्या हिशेबात येत नाही.

उल्हासनगरच्या जीन्सची कथा याहून कडू आहे. १ जानेवारी २००५ ला जागतिक कापड व्यापारातील कोटा पद्धत संपली, तेव्हा कटिंग, शिलाई, धुलाई, बटण, लेबल ही सारी कामे काही गल्ल्यांच्या अंतरात करणारे हे शहर मोठ्या संधीच्या तोंडाशी होते. तरी त्याचा भर देशांतर्गत घाऊक बाजारावरच राहिला. जीन्सची किंमत शिलाईपेक्षा धुलाईत जास्त वाढते. दगडाने घासून, एन्झाइमने, ब्लीचने कापडाला जो विटका रंग येतो त्यासाठीच ग्राहक पैसे मोजतो. नदी सर्वांत जास्त नासवणारा टप्पाही तोच. अंबरनाथकडून येऊन उल्हासनगरमधून वाहणाऱ्या वालधुनीत हे पाणी जात राहिले, आणि कारखान्यांची रसायनेही. २०१४ च्या अखेरीस नदीत सोडलेल्या रसायनाच्या वायूमुळे उल्हासनगरच्या शेकडो रहिवाशांना रुग्णालयात जावे लागले. ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये स्थानिक संस्था आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना मोठा दंड ठोठावला. त्यापुढच्या वर्षांत धुलाईच्या शेकडो कारखान्यांवर बंदीची कारवाई झाली. कारवाई न्याय्य होती. नदीकाठच्या माणसाच्या श्वासावर कुणाचा धंदा चालू शकत नाही. पण त्या बंदीने मोलाची सर्वाधिक भर घालणारा टप्पाच शहरातून गेला.

तमिळनाडूतील तिरुप्पूरने हेच संकट आधी भोगले होते. नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून शेतकरी न्यायालयात गेले आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथली रंगाईची केंद्रे बंद केली. त्यानंतर राज्य सरकारच्या बिनव्याजी कर्जातून आणि कारखानदारांच्या वर्गणीतून सामायिक केंद्रे सुधारून सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची पद्धत बसवली गेली. तो मार्ग महाग पडला, काही रंगाई केंद्रे कायमची संपली. तरीही निटवेअरची निर्यात तिथेच राहिली, कारण पाण्याचा प्रश्न सोडवल्याचा पुरावा परदेशी खरेदीदाराला दाखवता आला.

२०२० च्या टाळेबंदीनंतर केंद्र सरकारने ३ लाख कोटी रुपयांची हमी-कर्ज योजना आणली. तिने पुष्कळ कारखाने वाचवले. पण सुरुवातीला हे कर्ज २९ फेब्रुवारी २०२० रोजी फेडायच्या बाकी असलेल्या बँककर्जाच्या २० टक्के इतके मिळायचे. ज्याचा व्यवहार उधारीवर आणि व्यापाऱ्याच्या उचलीवर चालतो, बँकेत कर्जखातेच नाही, त्याच्या शून्याचे २० टक्के शून्यच. औषधांच्या कच्च्या मालासाठी आलेली ६,९४० कोटी रुपयांची उत्पादनसंलग्न प्रोत्साहन योजनाही एकेका कंपनीची गुंतवणूक आणि विक्री मोजणारी होती. ज्याच्याकडे कागद आहे त्यालाच मदत पोचते, असा हा अनुभव आहे, आणि साखळीही त्याच माणसाला आत घेते. म्हणून कागद तयार होण्याची व्यवस्था हीच पहिली मदत ठरते.

यावर पहिला आक्षेप असा की एवढा मोठा देशांतर्गत बाजार असताना परक्यांच्या अटी का मानाव्यात. बाजार मोठा आहे हे खरे, पण वालधुनीला माल मुंबईत विकला की मँचेस्टरमध्ये याने फरक पडत नाही. औषधांच्या उत्पादनासाठीची सुधारित ‘शेड्यूल एम’ नियमावली देशातल्याच विक्रीलाही लागू आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: साखळीत शिरणे म्हणजे दूरच्या संकटाला घरात घेणे. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने अनेक भारतीय वस्तूंवर ५० टक्के आयातशुल्क लावले, त्यात कपड्यांना मोठा फटका बसला आणि औषधे वगळली गेली. एकाच खरेदीदाराला विकणाऱ्याची अशा वेळी दैना होते हे मान्यच केले पाहिजे. पण त्याच वर्षी २४ जुलैला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. अमेरिकी खरेदीदार गमावलेला कारखाना नव्या बाजाराकडे जातो तेव्हा जुनी ऑर्डर त्याच्या उपयोगाची नसते. तपासणीचे अहवाल, रसायनांच्या नोंदी, कामगारांची हजेरीपत्रके मात्र उपयोगी पडतात.

सर्वांत अवघड आक्षेप या पट्ट्याच्याच इतिहासातून येतो. सामायिक केंद्रे इथे होती, आणि दंड त्यांनाही झाला; मग पुन्हा सामायिक सोयीवर विश्वास का ठेवावा? केंद्र सर्वांचे असले की प्रत्येक सभासदाला आपले घातक पाणी दुसऱ्याच्या पाण्यात लपवता येते, आणि महिन्याची वर्गणी ठरावीक असेल तर कमी प्रदूषण करणाऱ्याला काहीच मिळत नाही. त्यामुळे केंद्र बांधण्याचा खर्च हा प्रश्नाचा सोपा भाग आहे. कठीण भाग म्हणजे प्रत्येक गाळ्याच्या तोंडाशी मीटर आणि नमुना घेण्याची जागा, प्रमाण व दर्जा यांवर ठरलेले दर, नियम मोडणाऱ्याचा नळ बंद करण्याचा खरा अधिकार, आणि मोजणीचे आकडे उघड असणे. कापड उद्योगातील ‘झेडडीएचसी’ या ब्रँडसमूहाच्या सांडपाणी नियमांत प्रक्रिया होण्याआधीचे पाणीही तपासले जाते, कारण बंदी असलेले रसायन कारखान्यात वापरलेच जाऊ नये असा त्यांचा रोख आहे. तेव्हा धुलाईवाल्याने कोणते ब्लीच, कोणता रंग कुणाकडून विकत घेतला याची नोंद त्याच्या वहीत लागते, आणि ते ब्लीच बनवणारा रसायन कारखानदार पुष्कळदा अंबरनाथचाच शेजारी असू शकतो. त्याने मालासोबत घटकांचे खरे पत्रक दिले, तर एका वसाहतीची सिद्धता दुसऱ्या शहराच्या कामी येते. उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदा, औद्योगिक महामंडळ आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्या हद्दी वेगवेगळ्या असल्या तरी पाणी आणि माल दोन्ही त्या ओलांडून जातात. धुलाई परत आणायची असेल, तर तिच्यासाठी जागा औद्योगिक वसाहतीत हवी, मोजलेल्या नळासकट. आणि बंदीच्या काळात ज्यांची मजुरी गेली त्या कामगारांना भरतीत पहिला हक्क हवा, कारण विटक्या रंगाची नेमकी छटा आणण्याचे कसब त्यांच्या हातात आहे.