कळतं, तरी वळत का नाही? – पहिल्या प्याल्याचा प्रश्न

मागच्या व्याख्यानानंतर एक बाई मला भेटायला थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, आमच्या ह्यांना सगळं कळतं. सकाळी स्वतःच रडतात, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतात. संध्याकाळी परत तेच. मग ती शपथ खोटी होती का?" त्यांना मी तेव्हा धड उत्तर देऊ शकलो नाही. आजचं व्याख्यान त्या प्रश्नासाठी.

हा प्रश्न फार जुना आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वरुणाला उद्देशून एक सूक्त आहे. त्यात अपराधाची क्षमा मागताना ऋषी आपल्या इच्छेबाहेरची कारणं सांगतो, आणि सुरा, क्रोध, द्यूत ही तिथे एका रांगेत बसतात. म्हणजे 'मी केलं' आणि 'माझ्या हातून झालं' यांतला फरक माणसाला तेव्हाही जाणवत होता.

या फरकाचा नीट विचार इ.स.पू. चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने केला. त्याचं उत्तर दुहेरी आहे, म्हणून जरा थांबून बघू. एके ठिकाणी तो दगडाचं उदाहरण देतो. हातातून सुटलेला दगड परत बोलावता येत नाही. पण तो फेकायचा की नाही, हे आपल्या हातात होतं. म्हणून दारूच्या नशेत गुन्हा करणाऱ्याला दुप्पट शिक्षा देणाऱ्या कायद्याचा तो दाखला देतो. पुढे मात्र, 'कळूनही चुकीचं वागणं' या विषयावर बोलताना, त्याचा सूर बदलतो. तो म्हणतो, अशा माणसाचं ज्ञान हे नटाच्या तोंडच्या वाक्यांसारखं असतं. शब्द बरोबर असतात, पण ते अजून त्याच्यात मुरलेले नसतात. आणि मुरायला वेळ लागतो. हे 'मुरणं' लक्षात ठेवा, आपण शेवटी त्याकडे परत येणार आहोत.

पुढची अनेक शतकं दारूडा म्हणजे पापी, नाहीतर नालायक, एवढाच हिशोब होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस वैद्यांनी तो बदलायला घेतला. अमेरिकेत बेंजामिन रश आणि ब्रिटनमध्ये आरमारी डॉक्टर थॉमस ट्रॉटर. ट्रॉटरने 1804 च्या आपल्या निबंधात दारूच्या सवयीला मनाचा आजार म्हटलं. त्याचा उपाय काय? तर आधी रोग्याचा विश्वास मिळवा. उपदेश करणाऱ्यांना हे रुचणं कठीणच होतं, बरं का!

आता आपल्या घरी येऊ. राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' 1919 साली रंगभूमीवर आलं. गडकरी त्याच वर्षी जानेवारीत गेले होते; त्यांना ते बघता आलं नाही. बालगंधर्वांची सिंधू लोकांनी डोक्यावर घेतली. पण मानसशास्त्राच्या नजरेने सुधाकराकडे बघा. हा हुशार वकील पितो कधी? मजेसाठी नाही. कोर्टात अपमान होतो, मन सैरभैर होतं, आणि नेमका तेव्हा तळीराम जवळ असतो. पुढे तो दारू सोडतोही. मग काम मागायला गेल्यावर पुन्हा अपमान होतो, आणि प्याला पुन्हा हातात येतो. अपमान, एकटेपणा, आणि हाताशी असलेली बाटली. नाटककाराने हे जे मांडलं, त्याची पद्धतशीर मांडणी व्हायला आणखी सहा-सात दशकं जावी लागली.

मधल्या काळात, 1935 साली, अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'ची सुरुवात झाली. एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही व्यसनी. त्यांची पहिली पायरी तत्त्वज्ञानाच्या माणसाला चक्रावून टाकते: 'दारूपुढे आपण हतबल आहोत' हे आधी कबूल करायचं. पण ती कबुली फुकट नाही. दगड सुटल्यावर आपलं काही चालत नाही हे मान्य केलं, की सगळं लक्ष सुटण्याआधीच्या क्षणावर येतं. म्हणून त्यांचा भर पहिला प्याला टाळण्यावर, आणि निश्चय फक्त आजच्या दिवसापुरता.

मग 1973 साली ॲलन मार्लाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नामी प्रयोग केला. काही जणांना व्होडका मिसळलेलं टॉनिक दिलं, काहींना नुसतं टॉनिक. पण काय दिलंय हे सांगताना मुद्दाम अदलाबदल केली. जास्त कोण प्यायले? ज्यांच्या पोटात दारू गेली ते नव्हे. आपण दारू पितोय असं ज्यांना वाटलं ते! आणि हे व्यसनी लोकांतही दिसलं. याचा अर्थ शरीराची ओढ खोटी, असा नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर हात कापतात, भ्रम होतो, जिवावरही बेतू शकतं. तिथे डॉक्टरच हवा. पण पहिल्या प्याल्यानंतर जे घसरणं होतं, त्यात 'आता गेलंच सगळं' या समजुतीचाही वाटा असतो.

मार्लाट यांनी पुढे हेच विस्ताराने मांडलं. सोडलेला माणूस एकदा घसरला की त्याला वाटतं, मी मुळातच नालायक. मग शरम येते, आणि शरम बुडवायला पुन्हा दारू. म्हणजे 'एकच प्याला' हे वाक्य दोन्ही बाजूंनी घात करतं. पिण्याआधी ते म्हणतं, 'एकाने काय होतंय?' प्यायल्यावर म्हणतं, 'एकाने सगळं संपलं.'

तर त्या बाईंच्या प्रश्नाकडे येतो. ताई, शपथ खोटी नव्हती, कच्ची होती. ती सकाळच्या माणसाने, सकाळच्या घरात घेतली. संध्याकाळचा रस्ता, तो गुत्ता, ते मित्र, दिवसभराचा अपमान, यांतलं काहीच त्या शपथेत नव्हतं. म्हणून ह्यांना पुन्हा शपथ घालू नका. संध्याकाळी सहा वाजता कुठून जाणार, कोणाबरोबर असणार, हे विचारा. उपचाराची दारं आज आपल्याकडे आहेत; पुण्यात 'मुक्तांगण' 1986 पासून हे काम करत आहे. आणि घसरलेच, तर 'संपलं सगळं' हे वाक्य तुमच्या तोंडून येऊ देऊ नका. मुरायला वेळ लागतो.

पण एक सांगायलाच हवं. समजून घेणं म्हणजे मार सोसणं नव्हे. सिंधूने सोसलं, त्यावर प्रेक्षक रडले. पण त्या सोसण्याने ना ती वाचली, ना सुधाकर. आजार त्यांचा असेल, पण तुमची आणि मुलांची सुरक्षितता त्याच्या आधी येते.

इथेच थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.