पायांखालचे लंडन

लंडनची मराठीत वर्णने पुष्कळ झाली. त्यांतल्या प्रवाशाला बहुधा शहर पाहायचे असते. रस्त्यावरून चालण्याचा आपला हक्क त्याला कधी सिद्ध करावा लागलेला नसतो. डॉ. आंबेडकरांचे लंडन या चौकटीत बसत नाही. १९१६ ते १९४६ या तीस वर्षांत ते तिथे पुनःपुन्हा गेले, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या नात्याने.

मुळात ते कोणत्या रस्त्यावरून आले ते पाहावे. १९०१ साली मसूर स्टेशनावर उतरलेल्या महाराच्या पोरांना कोरेगावला नेण्यास गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन तो बाजूने चालला आणि गाडी पोरांनी हाकली. पैसे देऊनही रस्ता मोकळा होत नाही, हा धडा वयाच्या दहाव्या वर्षीचा.

१९१६ मध्ये कोलंबियाहून लंडनला आल्यावर त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी नाव घातले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये परतावे लागले. करारानुसार ते नोकरीसाठी बडोद्याला निघाले. ती गाडी आपल्या पालघर-बोईसरवरूनच जाते. बडोद्यात कोणी जागा देईना म्हणून ते पारशी धर्मशाळेत राहिले. काठ्या घेतलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढले, आणि बॅरिस्टरीचा हा विद्यार्थी कामाठी बागेत जाऊन बसला. युरोप-अमेरिकेतल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. परक्या शहरात पायी हिंडण्याने माणसाला काय मिळते, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. बोईसरला खोली शोधताना ज्याला आधी आडनाव विचारले गेले, त्या कामगाराला हे फोड करून सांगायला नको.

१९२० मध्ये ते पुन्हा गेले. सिडनहॅम कॉलेजातील पगाराची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना यांचे कर्ज एवढ्याच बळावर. १९२१-२२ मध्ये मुक्काम १०, किंग हेन्रीज रोड, प्रिमरोझ हिलजवळ. तिथून ब्रिटिश म्युझियम सुमारे चार किलोमीटर. भाडे वाचविण्यासाठी ते पायी हिंडत, असे चरित्रकार सांगतात. आपले लोक हे ऐकून हात जोडतात. वस्तुतः तो हिशेब होता. गाडीचे पैसे वाचले की जुन्या बाजारातले एखादे पुस्तक येते. पहिल्या खेपेची पुस्तके बोटीबरोबर बुडाली होती, हेही विसरू नये.

त्याच परिसरात, १२२, रीजेंट्स पार्क रोड येथे एंगेल्स १८७० पासून चोवीस वर्षे राहिला. मार्क्सचे घरही फार दूर नव्हते, आणि म्युझियमच्या त्याच गोल वाचनालयात तो वाचीत असे. आंबेडकर आणि मार्क्स यांच्यावर आपल्याकडे इतके वाद झाले, पण दोघांच्या अभ्यासाची जागा एक होती याकडे वाद घालणाऱ्यांचे फारसे लक्ष जात नाही.

मात्र लंडन म्हणजे स्वर्ग, असा समज करून घेण्याचे कारण नाही. हिंदुस्थानचा कारभार हाकणारे इंडिया ऑफिस तिथेच होते. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधात त्यांनी सरकारच्या चलननीतीवर कठोर टीका केली; परीक्षकांनी तो पुन्हा लिहावयास लावला. १९२३ मध्ये डी. एस्सी. मिळाली.

१९३० मध्ये ते गोलमेज परिषदेला गेले. लंडन स्कूलपासून परिषद भरली त्या सेंट जेम्स राजवाड्यापर्यंतचे अंतर जेमतेम दोन किलोमीटर. ते कापायला विद्यार्थीदशेपासून चौदा वर्षे लागली. तिन्ही परिषदांना ते हजर होते. १९४६ च्या खेपेत अस्पृश्यांच्या राजकीय हक्कांची बाजू घेऊन ते ब्रिटिश पुढाऱ्यांना भेटले. हाती काही लागले नाही.

किंग हेन्रीज रोडवरील घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले. तिथे संग्रहालय ठेवण्यास स्थानिक कौन्सिलने परवानगी नाकारली होती. ती २०२० मध्ये वरून मिळाली. राजर्षी शाहूंच्या नावाच्या परदेश शिष्यवृत्तीवर आपल्या भागातला कोणी तिकडे गेला, तर त्याने दारावरची पाटी पाहून लगेच भुयारी रेल्वे पकडू नये. म्युझियमपर्यंत चालत तासभर लागतो, आणि एंगेल्सचे घर जवळच आहे.