व्हीलचेअरवरचा कैदी



साईबाबा म्हटलं की शिर्डी. मी सांगतोय तो माणूस शिर्डीचा नव्हे. गोकरकोंडा नागा साईबाबा. जन्म १९६७, आंध्रात अमलापुरमकडे, गरीब घरात. पाचव्या वर्षी पोलिओनं पाय गेले. आई उचलून शाळेत न्यायची. जमिनीवर हात टेकत, सरपटत हा माणूस शिकला. मंडलच्या वेळी आरक्षणाच्या बाजूनं उभा राहिला. 'उभा राहिला' हे मी मुद्दाम लिहितोय. पुढं दिल्लीत राम लाल आनंद कॉलेजात इंग्रजीचा प्रोफेसर झाला. व्हीलचेअर मिळाली ती २००३ मध्ये दिल्लीत आल्यावर. अपंगत्व ९० टक्के.

२००९ पासून जंगलपट्ट्यात सरकारची फौजफाट्याची मोहीम सुरू झाली. पेपरवाले तिला 'ग्रीन हंट' म्हणायचे. साईबाबा तिच्याविरुद्ध बोलत फिरले. जंगल कुणाचं, खाणी कुणासाठी, मरतो कोण? त्यांचं सगळं राजकारण मला पटतं असं नाही. आपला रस्ता बाबासाहेबांचा. पण प्रश्न खोटे होते काय? गडचिरोलीत जाऊन विचारा.

मे २०१४ मध्ये अटक. ७ मार्च २०१७ ला गडचिरोलीच्या सत्र न्यायालयानं यूएपीएखाली जन्मठेप दिली. निकालाचा सूर असा की ९० टक्के अपंग म्हणून दया नाही, शरीर पांगळं असलं तरी डोकं शाबूत आहे. आता पाहा गंमत. ज्या देशात अपंगाला डोकं असतं हे शाळा मानत नाही, नोकरी देणारा मानत नाही, एसटीची पायरी तर नाहीच नाही, तिथं ते मान्य झालं शिक्षा देताना!

अपंगांच्या हक्कांचा नवा कायदा २०१६ सालचा. सातावरून एकवीस प्रकारची अपंगत्वं त्यात आली. तो लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला, म्हणजे या शिक्षेनंतर सहा आठवड्यांनी. संविधानाच्या कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे, अपंगत्व नाही. ते आहे कलम ४१ मध्ये, मार्गदर्शक तत्त्वांत, जिथं कोर्टात जाऊन मागता येत नाही. ही लढाई अजून बाकी आहे अन् ती आपलीही आहे.

मधल्या काळात सरकारनं 'दिव्यांग' शब्द काढला. आपल्याला हा डाव नवा नाही. आपल्याला 'हरिजन' केलं होतं. १९३८ मध्ये मुंबईच्या असेंब्लीत या शब्दाविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष सभात्याग करून बाहेर पडला होता. देवाचं नाव लावलं की हक्क द्यावा लागत नाही. आमच्या मिलमध्ये हात गेलेल्याला 'थुटा' म्हणतात, ते तरी उघड आहे.

नागपूर जेल, अंडा सेल. दुसऱ्यानं धरल्याशिवाय संडासला जाता येत नव्हतं. ऑगस्ट २०२० मध्ये आई कॅन्सरनं गेली. शाळेत उचलून नेणारी तीच आई. शेवटचं बघायला पॅरोल मिळाला नाही. २०२१ मध्ये कॉलेजनं नोकरीवरून काढलं.

त्यांचा खटला गडचिरोलीत लढले नागपूरचे ॲड. सुरेंद्र गडलिंग, आपल्याच चळवळीतले. ६ जून २०१८ ला एल्गार परिषद प्रकरणात त्यांनाही उचललं. वकीलही आत, अशील तर होताच.

१४ ऑक्टोबर २०२२ ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं सोडलं. खटल्याची मंजुरीच कायद्याप्रमाणे नव्हती. दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या शनिवारी सुप्रीम कोर्ट खास बसलं अन् निकाल थांबवला. अशा कामात मेंदूच जास्त धोकादायक असतो, असं तिथं बोललं गेलं. पुन्हा मेंदू! ५ मार्च २०२४ ला हायकोर्टाच्या दुसऱ्या खंडपीठानं पुन्हा सगळ्यांना निर्दोष सोडलं. मंजुरी अवैध, पुरावा टिकत नाही, इंटरनेटवरून कम्युनिस्ट साहित्य उतरवून घेणं हा गुन्हा नाही. ७ मार्चला साईबाबा बाहेर आले, शिक्षेला बरोबर सात वर्षं होत होती त्या दिवशी. १२ ऑक्टोबर २०२४ ला हैदराबादच्या निम्स हॉस्पिटलात ऑपरेशननंतर वारले. डोळे अन् देह दान केला.

त्यांच्यासोबत गडचिरोलीचा एक आदिवासी पोरगा होता, पांडू नरोटे. त्याच्यावर इंग्रजी पेपरात फार लेख आले नाहीत. तोही जन्मठेपेचाच. ऑगस्ट २०२२ मध्ये, पहिल्या सुटकेच्या दीडेक महिना आधी, नागपुरात कैदेतच तापानं मेला. निर्दोष ठरलेल्या सहा जणांत त्याचंही नाव आहे.